परतीचा चढ

धुकं असं बसलं होतं की कालव्याचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. जुन्या रेल्वेच्या भरावावरून एक बाई लांब दांड्याचं मोजचाक ढकलत चालली होती. भरावावरचे रूळ कधीच उचलून नेले होते, खडी तेवढी उरली होती. चाक दगडावर चढलं की टक्क वाजायचं, आणि बाई थांबून, मान वाकडी करून आकडा वाचायची. डोक्याला मफलर, पायात नवऱ्याचे जुने बूट, आत दोन-दोन मोजे घालून मापात आणलेले. समोरून फिरायला निघालेल्या एका म्हाताऱ्यानं धुक्यातूनच विचारलं, "कोण, नकाशेवाली का?"

"मीच. जपून या, पुढं खड्डा आहे."

"तुझ्या नकाशात दाखवलायस का?"

"दाखवलाय. पण तुम्ही नकाशावरून चालत नाही ना, म्हणून तोंडानं सांगते."

नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीमागे एक चिंचोळी खोली आहे, तिथं ती बसते. तिरकं लाकडी टेबल, मान मोडलेला आणि चिकटपट्टीनं बांधलेला दिवा, रंग लावताना कायमची बंद होऊन बसलेली खिडकी. कोपऱ्यात छत्र्या ठेवायच्या डब्यात नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या. आयुष्यभर तिनं गटारं काढली, पाण्याचे नळ काढले, दिव्याचे खांब काढले. जमिनीखालचं गाव तिला तोंडपाठ होतं. पण नळाच्या नकाशाकडे बघून कुणी कधी वा म्हणत नाही. नळ फुटला तरच माणसं नकाशा मागतात, आणि तेव्हा वा म्हणण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

मग एके दिवशी पालिकेत प्रश्न निघाला, रिकाम्या भरावाचं करायचं काय. अध्यक्षांच्या मनात तिथं ट्रकांचा तळ करायचं होतं. नकाशेवालीनं मान वर न करता, पेन्सिलीला टोक काढत म्हटलं, "वाट करा."

"कसली वाट?"

"चालायची. सायकलची. घोड्याची. बाबागाडीची. चाकाच्या खुर्चीची. भराव आहे, कालव्याचा काठ आहे, शाळेमागचा बोळ आहे, नदीकडची पायवाट आहे. चारही एकमेकांना जोडा. मग गावात कुणालाही कुठंही जाता येईल, हमरस्त्यावर पाय न ठेवता."

त्या हमरस्त्यानं गाव कलिंगड चिरावं तसं मधोमध चिरलं होतं. अलीकडचे लोक पलीकडे जायचं म्हणजे आधी जिवावर उदार व्हायचे, मग पाऊल टाकायचे. फक्त एका ठिकाणी, कालवा रस्त्याखालून जातो तिथं, एक मोरी होती. मोरी म्हणजे चांगला उंच बोगदाच. एका अंगानं पाणी, दुसऱ्या अंगानं कोरडा ओटा, बैलगाडी जाईल एवढा. सगळं जाळं त्या मोरीला टांगलेलं होतं. मोरी जमली तर गाव एक. नाही जमली तर दोन अर्ध्या गावांत दोन फिरायच्या जागा, आणि मध्ये ट्रक.

एक सभासद म्हणाले, "म्हणजे बाई आता गावाची वाट लावणार."

"लावते ना. पण सगळ्यांची एकच लावते, भेदभाव नाही," ती म्हणाली. सभागृह हसलं. हसण्याच्या भरात तिला नकाशा तयार करायची परवानगी मिळून गेली.

तिची कामाची एक रीत होती. जी वाट पायांनी चालली नाही, ती कागदावर काढायची नाही. रोज सकाळी घरातून लवकर निघायचं, आज भरावावरून, उद्या कालव्याच्या काठानं, परवा बोळातून, आणि मोजत-मोजत ऑफिस गाठायचं. संध्याकाळी हातात भाजीची पिशवी आणि डोक्यात घरचा स्वयंपाक, तेव्हा सरळ बस. पायाला भिंगरी लागलीय बाईच्या, असं लोक म्हणत. तिच्या हातात खरोखरच चाक असल्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं.

घरी सासरे होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. गाव त्यांना अजूनही ड्रायव्हरबाबा म्हणायचं. साखरेनं एक पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासून खिडकीशी व्हीलचेअर. त्यांचा जन्माचा दोस्त घड्याळजी. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान हमरस्त्यापलीकडे, आणि त्याचे गुडघे असे की दुकानाच्या वरच्या खोलीतून खाली येणं हाच त्याचा रोजचा प्रवास. दोघांचा बुद्धिबळाचा डाव आता फोनवर चाले. दोन घरांत दोन पट, आणि मधल्या तारेवर भांडण.

"माझा उंट तिथं नाहीच."

"माझ्या पटावर आहे."

"मग तुझा पट खोटारडा. लेका, समोर असतास तर मनगट धरलं असतं तुझं."

"ये की मग. कोणी अडवलंय?"

यावर ड्रायव्हरबाबा फोन खाली ठेवत आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसत.

एकदा मुलानं त्यांना बेकरीच्या गाडीतून नेलं होतं. मुलगा, म्हणजे नकाशेवालीचा नवरा, बेकरीत भट्टीवर होता. मैद्याच्या पोत्यांमध्ये खुर्ची बांधून नेली आणि तशीच परत आणली. घरी आल्यावर बाबा कपड्यांवरचं पीठ झटकत म्हणाले, "पुन्हा नाही."

"का हो बाबा? मजा नाही आली?" सुनेनं विचारलं.

"सूनबाई, मला न्यायचं नाही कुणी. मला जायचंय."

हे वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. सभांमध्ये ती गावाच्या आरोग्याबद्दल बोले, शाळेच्या मुलांबद्दल बोले. ते सगळं खरंच होतं. पण मोरीवर पेन्सिल ठेवताना तिला दिसायची ती एक खुर्ची, मागे कुणीही नसलेली.

सभा काही कमी झाल्या नाहीत. सायकलवाल्यांना चालणारे मध्ये नको होते. चालणाऱ्यांना सायकलींनी आधी शिष्टाचार शिकून यावं असं वाटत होतं. बाबागाडीवाल्या आयांना दोघांचाही भरवसा नव्हता. प्रत्येकाला वाट हवी होती, पण आपली आपली. नकाशेवालीनं एकेकाला टेबलाशी बसवून घोटभर चहा पाजला आणि दमानं सगळ्यांना वळवलं. राहिली फक्त तबेलेवाली. आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

भरावावरून मोरीकडे उतरताना मातीचा एक उतार होता. पूर्वी विटांचे ट्रक तिथून जात. त्या उताराला लागूनच तबेलेवालीचं कुंपण घातलेलं कुरण. बाई उंच, आवाज त्याहून उंच, आणि बोलणं घोड्यांशी बोलल्यासारखं, लगाम खेचूनच.

"तुझ्या सायकली त्या उतारावरून सुटणार, बंदुकीच्या गोळीसारख्या," ती म्हणाली. "आवाज नाही, काही नाही. माझी घोडी बुजली आणि पाठीवरचं पोर पडलं, तर कागद पुढं करशील?"

"पाटी लावू, हळू चालवा म्हणून."

"पाटी घोडीला वाचून दाखवशील?"

नकाशेवालीनं हात टेकले. तबेलेवालीनं लेखी हरकत दिली. अध्यक्षांना ते बरंच झालं. त्यांनी जाहीर केलं की सगळे सभासद येत्या आठवड्यात जागेवर जाऊन पाहणी करतील, आणि तिथंच हात वर करून काय तो निकाल लागेल. वाट, नाहीतर ट्रक. नमुना म्हणून नकाशेवालीच्या घरापासून मोरीपर्यंत, भरावावर आणि उतारावर, मुरूम टाकून रोलर फिरवला गेला.

पाहणीच्या आदल्या रविवारी ऊन छान पडलं होतं. नकाशेवालीनं बाबांच्या खुर्चीच्या चाकांत हवा भरली आणि म्हणाली, "चला, घड्याळजींचं मनगट धरायला."

बाबांनी दाढी केली. जुनी ड्रायव्हरची टोपी काढली, पुन्हा ठेवली, मग पुन्हा काढून घातलीच. भरावावर मुरूम टणक बसला होता. बाबा दोन्ही हातांनी चाकं फिरवत निघाले आणि ती मागे, हात पाठीशी बांधून. त्यांनी तशी ताकीदच दिली होती, हात लावायचा नाही. उतार आला तेव्हा बाबांनी चाकांच्या कड्या तळहातांनी दाबत, ब्रेक मारत, बस घाटातून उतरवावी तशी खुर्ची खाली नेली. मोरीत पाण्याचा गार वास होता. डोक्यावरून ट्रक धडधडत गेला आणि बाबा वर बघून म्हणाले, "जा बाबा, जा. आम्ही खालून चाललोय."

घड्याळजी दुकानाच्या दारात उभे होते, एका डोळ्याला भिंग तसंच लावलेलं. भिंग काढायचं त्यांना भान राहिलं नाही, त्यामुळे दोस्त त्यांना बराच मोठा दिसला असणार. "आलास? चल, उंट कुठं होता ते दाखव," एवढंच ते बोलले. मग दोघं शेकडो टिकटिकींच्या मध्ये बसून दुपारपर्यंत भांडले. नकाशेवालीनं दाराशी बसून संत्रं सोलून खाल्लं. तिला वाटलं, झालं. जिंकलो आपण.

परत येताना मोरीपर्यंत सगळं झकास. मग उतार आला. आता तो उतार नव्हता, चढ होता.

बाबांनी चाकं फिरवली. खुर्ची थोडी चढली, थांबली, आणि मागे घसरली. पुन्हा जोर केला, मानेच्या शिरा फुगल्या, पुन्हा घसरली. "हात लावू का?" ती म्हणाली. त्यांनी मान खाली घातली, म्हणजे लाव. तिनं मागून खांदा लावला. नवऱ्याचे बूट मुरमावरून सटकायला लागले. दोघं चढाच्या मधोमध अडकली. वर जाता येईना आणि हात सोडून खालीही येता येईना.

बाबा समोर बघत शांतपणे म्हणाले, "सूनबाई, एक विचारू?"

"विचारा, पण लवकर."

"या वाटेनं तू कधी परत आलीस का?"

ती खुर्चीला रेलून उभी राहिली आणि आठवायला लागली. भराव, सकाळी. कालवा, सकाळी. बोळ, नदी, सगळं सकाळी. सगळं घरातून ऑफिसकडे. संध्याकाळी बस. तिच्या नकाशावर चढ-उतार दाखवणारे बाण होते, सुबक, एकसारखे, आणि एकजात पालिकेच्या दिशेनं तोंड केलेले. जणू सगळं गाव रोज सकाळी नगरपालिकेत जाणार होतं आणि तिथंच मुक्काम ठोकणार होतं. या जागी तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, सौम्य उतार.

"नाही," ती म्हणाली.

"मी आयुष्यात एकेरी फेरीची बस चालवली नाही गं," बाबा म्हणाले. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडताहेत. ते हसत होते. मग तीही हसायला लागली, आणि हसण्यानं जोर गेला तशी खुर्ची आणखी वीतभर मागे सरकली.

कुंपणापलीकडून आवाज आला, "काय तमाशा आहे?"

तबेलेवाली आली, करड्या घोडीचा लगाम हातात. सगळा प्रकार तिनं एका नजरेत पाहिला. खुर्चीच्या चाकामागे एक दगड सरकवला आणि म्हणाली, "दोर बांधते. घोडी ओढेल."

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. "एवढी वर्षं शंभर घोड्यांचं इंजिन हाकलं, आता एका घोड्यानं मला ओढायचं?"

"मग बसा इथंच, गवत खा."

बाबांना ती एकदम आवडली. "तुमची घोडी कशी चढते हो हा चढ?"

"चढतच नाही. घोडं तुमच्याइतकं हट्टी नसतं." तिनं हातानं कुरणाकडे दाखवलं. गवतात एक वाट पडली होती, खुरांनी कोरलेली. खालच्या फाटकातून आत शिरून ती कुरणाच्या कडेनं तिरकी-तिरकी जात, एक मोठं वळण घेऊन वरच्या फाटकातून भरावावर निघत होती. "ही त्यांनीच पाडलीय. सरळ चढवलं की अडून बसतात."

नकाशेवालीनं ती वाट पाहिली आणि तिला काही सुचेना, कारण सगळंच एकदम सुचलं. "इथून जाऊ द्याल का आम्हाला? आजच्या दिवस?"

तबेलेवालीनं फाटक उघडलं.

बाबा निघाले. गवतात चाकं जड जात होती, पण जात होती. वळणावर त्यांनी दम घेतला, टोपी मागे सारली, आणि पुन्हा कड्यांना हात घातला. कुणी हात लावला नाही. घोडी त्यांच्या बाजूनं चालत होती, त्यांना हुंगत. तेवढ्यात शेजारच्या सरळ उतारावरून दोन सायकली सणाणत खाली गेल्या. घोडी दचकली, कान मागे टाकून उभी राहिली. तबेलेवालीनं तिच्या मानेवर थोपटलं आणि उताराकडे पाहिलं. मग वळणाकडे पाहिलं. मग पुन्हा उताराकडे.

"या वळणावरून सायकल कशी जाईल?" तिनं विचारलं.

"रांगत," नकाशेवाली म्हणाली. "नाहीतर कुंपणात."

वरच्या फाटकाशी पोचल्यावर बाबांनी हात झटकले. तळवे लाल झाले होते. "ही फेरी पास," ते म्हणाले.

तबेलेवालीनं कुरणाची कड नजरेनं मोजली. मग म्हणाली, "माझी कडेची पट्टी जाईल."

"जाईल."

"कुंपण तू हलवायचंस. मी खिळासुद्धा ठोकणार नाही."

"हलवते."

"आणि सरळ उतार बंद. कायमचा. झाडं लाव तिथं, काटेरी."

"लावते."

"मग उद्या चहाला ये, कागद घेऊन. आणि ते बूट बदल, बघवत नाहीत."

पाहणीच्या दिवशी अध्यक्ष छत्री आणि सभासद घेऊन आले. नकाशेवालीनं सकाळपासून कागदाची गुंडाळी तीनदा सोडून पुन्हा बांधली होती. कारण आता करायचं होतं ते असं, की ज्यांना तिचा नकाशा पाडायचाच होता, त्यांच्यापुढे उभं राहून सांगायचं, माझा नकाशा चुकला.

तिनं सगळ्यांना सरळ उतारावरून मोरीपर्यंत नेलं. अध्यक्ष ऐटीत उतरले. "वाट छान आहे, नाही कशाला म्हणू," ते म्हणाले. "पण तबेल्याची हरकत आहे, माझा नाइलाज आहे."

"साहेब, आता परत वर चला," ती म्हणाली.

मंडळी चढायला लागली. अर्ध्यावर गप्पा थांबल्या. अध्यक्षांनी छत्रीची काठी केली. वर पोचेपर्यंत त्यांच्या तोंडातून शब्द निघेना, आणि ही संधी नकाशेवालीनं साधली.

"मी चुकले," तिनं सांगितलं. "मी फक्त जायची वाट काढली. यायची राहिली. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला धाप लागते, तिथून खुर्ची, बाबागाडी, म्हातारं माणूस परत येणार नाही. हा नकाशा असा मंजूर करू नका."

सभासद एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांना श्वास आणि हुरूप एकदमच सापडला. "म्हणजे बाई, तुम्हीच म्हणताय की नकाशा चुकीचा आहे?"

"अर्धा चुकीचा. उरलेला अर्धा हा." तिनं नवा कागद उलगडला. त्यावर प्रत्येक वाटेला दोन-दोन बाण होते, जाणारा आणि येणारा. मधला सगळा आठवडा ती संध्याकाळीही चालली होती. घरी भाजी नवऱ्यानं आणली होती आणि ती कुणी नीट खाल्ली नव्हती. इतर वाटांवरही दोन ठिकाणी असाच घोळ निघाला होता, तोही तिनं दुरुस्त केला होता. उताराच्या जागी आता एक मोठं, आळसावलेलं वळण होतं.

"ही जमीन तर तबेल्याची," अध्यक्ष कागदावर बोट ठेवून म्हणाले. "ती बाई मरेल पण देणार नाही."

"ती बाई जिवंत आहे आणि दिली आहे," मागून आवाज आला. तबेलेवाली घोडीवर बसून वळणावरून येत होती, आणि तिच्या पुढं, टोपी घालून, आपल्या हातांनी चाकं फिरवत ड्रायव्हरबाबा. नमुन्यासाठी आणलेला रोलर आठवड्याभरात इथूनही फिरून गेला होता, कुंपण हललं होतं, मुरूम चकचकत होता. समोरून एक सायकलवाला आला. वळणाशी त्याला वेग आवरावाच लागला. घोडी त्याच्याकडे बघून नुसती फुरफुरली, आणि तो ओशाळून सायकलवरून उतरला. बाबा सभासदांजवळ येऊन थांबले. त्यांना धाप लागली नव्हती. अध्यक्षांना अजून होती, आणि हे सगळ्यांनी पाहिलं.

"साहेब," बाबा म्हणाले, "बसता का खुर्चीत? खाली सोडून देतो."

पहिले हसले ते अध्यक्षच. हसायला लागलेल्या माणसाला मग ट्रकांचं फार काही बोलता येत नाही. हात वर झाले. आधी तुरळक, मग सगळेच. एकानं तर दोन्ही केले. सर्वांत शेवटी छत्रीवाला हातही वर गेला, छत्रीसकट.

पुढं पालिकेचे मजूर लागले, रोलर लागला, काटेरी रोपं लागली. वाट खुली झाली त्या सकाळी गाव असं लोटलं की मोरीत ट्रॅफिक जाम झाला आणि तो सोडवायला ड्रायव्हरबाबांना पुढं व्हावं लागलं. खुर्चीला त्यांनी रबरी भोंगा बसवून घेतला होता. घोडं लांब असतानाच वाजवायचा, जवळ आल्यावर नाही, हे तबेलेवालीनं त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. सायकली कडेनं जात होत्या, बाबागाड्या मधून. लोक एकमेकांना वाट देत होते आणि दिल्याबद्दल स्वतःवर खूष होत होते.

जत्रेसारखी गर्दी ओसरली आणि बाबा एकटे घड्याळजींकडे गेले. नकाशेवाली घरी थांबली. कपडे वाळत घातले, काढले, ओलेच होते, पुन्हा घातले. भरावाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत राहिली.

ऊन कलताना वळणावर टोपी दिसली. मग खुर्ची. मागे कुणी नव्हतं. वळणाच्या तोंडाशी खुर्ची थांबली, टोपी मागे गेली, आणि पुन्हा चाकं फिरू लागली. सावकाश, गाडी वेळेवर असलेल्या ड्रायव्हरसारखी. भरावावर आल्यावर भोंगा वाजला, एकदा लांब.

"हरलात की जिंकलात?" तिनं फाटकातूनच विचारलं.

"हरलो," बाबा म्हणाले, आणि त्यांचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकलं होतं. "त्याच्या समोर बसून हरलो. उद्या पुन्हा जाणार आहे."

खुर्ची उंबऱ्याकडे वळली. चाकांना वाटेचा लाल मुरूम आणि घोड्याची लीद, दोन्ही भरपूर चिकटलं होतं.

"थांबा तिथंच," ती म्हणाली. "आत्ताच फरशी पुसलीय."

नवऱ्याचं जुनं बनियन बादलीत बुडवून पिळत ती दाराशी उकिडवी बसली आणि पुढचं चाक पुसायला घेतलं.